कानातला कापूस

देवरावभाऊ कोणाच्याही अंगणात आले की आधी माणसांना रामराम घालत नसत. सायकल भिंतीला टेकवायची, मफलर नीट करायचा आणि सरळ गाडीपाशी जाऊन उजव्या हाताचा तळवा बॉनेटवर ठेवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते ना, तसा. फक्त इथं सगळं उलटं. पत्रा गार लागला की यांचा चेहरा खुलायचा, आणि जरा जरी कोमट लागला तर उतरायचा.

"कोन चालू केली?"

मग घरातलं कोणीतरी चोरासारखं पुढे यायचं. "भाऊ, जराशीच केली. म्हटलं तुमी येतपर्यंत पाहून तं घ्यावं."

"मंग पाह्यलं ना तुमी? झालं तं. मी उद्या येतो."

आणि खरंच निघून जायचे. इकडे गॅसवरचा चहा उकळून उकळून कडू होऊन जायचा.

आमच्या सौंसरात बसस्टँडच्या मागे त्यांची एक खोली होती आणि खोलीपुढे टिनाचं शेड. गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री आमच्याकडे काही कमी नाहीत. पण गाडी जुनी असली, सकाळी चालू होत नसली किंवा चालू होताना काही वेडावाकडा आवाज काढत असली, तर इकडे मोहगावपासून तिकडे पांढुर्ण्यापर्यंत लोक एकच नाव घ्यायचे. बाकीच्या कामाला देवरावभाऊ हात लावत नसत. ब्रेक म्हटलं, गिअर म्हटलं, की दुसऱ्या मिस्त्रीचं दुकान दाखवायचे. म्हणायचे, "थे त्याचं काम हाय. माह्यं काम गाडी झोपेतून उठतपर्यंत."

आमची त्यांची ओळख झाली ती मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे आमचे हे. शाळेत शिकवत, म्हणून गावासोबत मीही त्यांना मास्तरच म्हणायची. मोहगावच्या वाटेवर आमचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथं जाण्यायेण्यासाठी मास्तरांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. घरात आली तेव्हाच ती म्हातारी होती. उन्हाळा, पावसाळा बरा गेला. पहिल्या थंडीत सकाळी चालू केली, तर आतून असा खडखडाट झाला की जणू कोणी डब्यात खिळे टाकून हलवून राहिलं. मास्तर घाबरले. आणि घाबरलेला शहाणा माणूस जे करेल ते त्यांनी केलं, जीप चालवत देवराव मिस्त्रीकडे नेली.

तिथं पोचतपर्यंत आवाज गायब.

"आता होता हो!" मास्तर म्हणाले. "घरी इतका मोठा होता!"

देवरावभाऊंनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला. "मास्तर, पेशंटले घरी ठेवून तुमी त्याचे फक्त कपडे घेऊन आले. मी काय कपड्यायची नाडी पाहू?"

ही चूक सगळेच करत. आवाज थंडीचा, आणि गाडी मिस्त्रीपर्यंत न्यायची म्हणजे ती रस्त्यात गरम होणारच. म्हणून देवरावभाऊंनी आपली रीत काढली होती. गाडी त्यांच्याकडे यायची नाही, ते गाडीकडे जायचे. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी चावी काढून घ्यायचे. कारण लोकायले रायवत नाई, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला कोणाची ना कोणाची चावी टांगलेली. आमच्या गावात कपाटाची चावी सुनेच्या हाती द्यायला बायकांचा जीव जातो, पण गाडीची चावी रात्रभर देवरावभाऊंच्या खिळ्याला राहिली तर कोणाला काही वाटत नसे. पांढुर्ण्याला काम असलं तर आदल्या संध्याकाळच्या बसनं जायचे, गाडीवाल्याच्याच ओसरीवर झोपायचे, चावी उशाखाली.

तर दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ते आमच्या अंगणात हजर. मी चहा टाकायला वळली तर म्हणाले, "वहिनी, आधी थे उठू द्या. तिच्या मागून मी घेतो चहा."

मास्तरांना गाडीत बसवलं आणि स्वतः तीन पावलं दूर जाऊन उभे राहिले. मान खाली, डोळे मिटलेले. मास्तरांनी चावी फिरवली. खडखडखडखड! दहा-बारा मोजेपर्यंत झाला आणि थांबला. देवरावभाऊंनी डोळे उघडले.

"तेल कोनतं टाकलं?"

मास्तरांनी सांगितलं. कोणीतरी सल्ला दिला होता की जुन्या गाडीत जाड तेल टाका, इंजिन टिकते.

"जाड तेल रातभर खाली बसून रायते. सकाळी वर चढायले त्याले टाइम लागते, तवरिक हे कोरड्या घशानं ओरडते. म्हाताऱ्या माणसाले उठल्या उठल्या भाकर नाई देत मास्तर. पेज देतात. पातळ तेल टाका."

तेल बदललं आणि आवाज गेला. त्या दिवशी बशीत चहा ओतून पिता पिता त्यांनी जे म्हटलं, ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. "गरम झाल्यावर तं सारेच गोड बोलतात, वहिनी. हिवात उठल्या उठल्या कोन कसं बोलते, थे पाहाव."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सकाळी उठल्यावर चहा मिळेपर्यंत कोणाशीच बोलत नसत. तेही हसले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे तोंडानं आवाज काढायला लावणं. कोणी शेडमध्ये जाऊन म्हटलं, भाऊ, गाडीत आवाज येऊन राहिला, की हे हातातलं काम न सोडता म्हणायचे, "काढून दाखवा." भला मोठा माणूस असो, तहसिलीतला असो की शाळेचा हेडमास्तर, भर बाजारात उभं राहून त्याला 'चिंऽऽऽ' किंवा 'भुर्र-भुर्र-फुस्स' करून दाखवावं लागे. आजूबाजूची पोरं खिदळत. देवरावभाऊ मात्र हसत नसत. "जरा लांब काढा शेवटी. असाच येते का? दम लागल्यावानी?" आणि पुष्कळदा गाडी न पाहताच सांगून टाकत. चिंऽऽ म्हणजे पट्टा ढिला. घुर्र... घुर्र... असं रडत फिरलं तर बॅटरी थकली. टकटकटकटक अशी भराभर टकटक झाली तरी बॅटरीच. आणि चावी फिरवल्यावर एकदाच 'टक्' होऊन सगळं चूप झालं, तर आधी बॅटरीच्या वायरीचं तोंड पाहायचं. तिथं पांढरी बुरशी चढते, वायर ढिली होते. गरम पाणी टाका, पुसा, आवळा.

"येवढ्यासाठी लोक पुरा सेल्फ स्टार्टर खोलतात," ते म्हणायचे. "एकदा टक् म्हणजे थे बोलून राहिली. फक्त तिचं तोंड धुवा."

खिशात कापूस ठेवायची सवय त्यांना पांढुर्ण्याला लागली. तिथल्या एका कापूसवाल्या शेटजींची जुनी मोटार होती. सकाळी चालू केली की टिकटिकटिकटिक करायची, पाच-सात मिनिटांनी गरम झाली की बंद. एका मिस्त्रीनं सांगितलं, इंजिन उघडावं लागेल. शेटजींचा जीव उडाला, वडिलांच्या हातची गाडी होती. देवरावभाऊ आदल्या संध्याकाळी जाऊन ओसरीवर झोपले. सकाळी गाडी चालू केली आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग गोदामात गेले, गठ्ठ्यातून चिमूटभर कापूस उपटला आणि धुराचा नळ इंजिनाला जिथं जोडलेला असतो, तिथं जोडाजोडानं तो धरत गेले. एका जागी कापूस थरथरला. टिक झाला की थरथरे, टिक झाला की थरथरे.

"इथून हवा सुटून राहिली. गरम झालं की लोखंड फुगते, फट बंद होते, आवाज जाते. आतलं इंजिन चांगलं हाय, शेटजी. फक्त हे पॅकिंग बदला."

शेटजी त्या कापसाकडे पाहतच राहिले. "तीन पिढ्या कापूस विकला आमी. त्याले बोलता येते, हे आजच समजलं."

"तुमी त्याले तोलत होते," देवरावभाऊ म्हणाले. "कधी विचारलं का काही?"

तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात कापसाचा एक पेळू असायचाच.

हे सगळं मी हसत हसत सांगून राहिली खरी. पण सकाळ सोडली तर त्या माणसाजवळ काही नव्हतं. बायको फार लवकर गेली. मुलगी वंदना नागपूरला मामाकडे वाढली, तिथंच तिचं लग्न झालं. देवरावभाऊंची सकाळ लोकांच्या अंगणात जायची. कोणाकडे चहा, कोणाकडे पोहे, कोणाची म्हातारी विचारायची, जेवला का रे काल. दहा वाजले की गाड्या गरम होऊन आपापल्या कामाला निघून जात आणि हे सायकल घेऊन त्या टिनाच्या शेडमध्ये परत. मी एकदा विचारलं होतं, दिवसभर काय करता हो भाऊ? म्हणाले, "संध्याकाळची वाट पाह्यतो. कोनी चावी घेऊन येते का म्हून."

मास्तर गेले तेव्हा उन्हाळा होता. लोक आले, बसले, गेले. मुलगा सुधीर पुण्याला असतो, तो तेरवीपर्यंत राहिला आणि जाताना म्हणाला, "आई, जीप विकून टाकू. कोण चालवणार?" बगीचा बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिला. जीप अंगणात तशीच उभी राहिली. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायची, बस.

त्या वर्षी थंडी पडल्यावर एका सकाळी सायकलचा आवाज आला. देवरावभाऊ. बोलावलं नव्हतं कोणी. आले, बॉनेटवर हात ठेवला. पत्रा बर्फासारखा गार असणारच. पण या वेळी त्यांचा चेहरा खुलला नाही.

"मास्तर गेल्यापासून हिले कोनी उठवलंच नाई का?"

"कोण उठवणार, भाऊ?"

"तुमी."

मला हसू आलं. मला साधी सायकल येत नाही. पण त्यांनी मला बसवलं मास्तरांच्या जागेवर. गाडी न्यूट्रलला कशी पाहायची ते दाखवलं. चावी अर्धी फिरवून थांबायचं, लाल दिवा लागतो, आतला हिटर तापतो, वीसपर्यंत मोजायचं. मग पूर्ण फिरवायची. मी मोजलं आणि फिरवली. सगळी जीप माझ्यासकट हादरली आणि चालू झाली. मी मोठ्यानं ओरडली. मास्तर गेल्यावर माझा इतका मोठा आवाज पहिल्यांदा निघाला होता.

"आठ दिवसातून एकदा, दहा मिनिटं," ते म्हणाले. "नाई तं गंजून जाईन. गाडी बी, अन्..."

मला गाडी चालवता येत नाही, पण तेव्हापासून चालू करता येते. दर रविवारी सकाळी देवरावभाऊ यायचे, मी जीप चालू करायची, ते तीन पावलांवर उभे राहून ऐकायचे. मग तिच्या मागून चहा. आमचं फार बोलणं होत नसे. पण शनिवारी संध्याकाळी मी साखर आहे का ते पाहून ठेवायची.

अशी काही वर्षं गेली. पांढुर्णा जिल्हा झाला. लोकांकडे नवीन गाड्या आल्या, त्या बटन दाबलं की चालू होतात आणि बिघडल्या तर कंपनीत जाऊन वायर लावून पाहतात. देवरावभाऊंच्या भिंतीवरचे खिळे रिकामे होत गेले. आणि त्याच सुमारास एका थंडीत त्यांनी कानात कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली. दोन्ही कानांत, चांगले जाड.

"हिव सोसत नाई आता," म्हणाले.

कोणाला त्यात काही वाटलं नाही. आमच्याकडे थंडीत म्हातारी माणसं कानात कापूस घालतातच. लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलू लागले आणि तोंडानं आवाज काढून दाखवायची सवय तर गावाला आधीपासून होतीच. फोन मात्र ते घेईनासे झाले. आवाज फुटते, मी घरीच येतो, म्हणायचे.

मग तो रविवार आला. खूप गारठा होता, धुकं होतं. मी वीस मोजले आणि चावी फिरवली. जीप चालू झाली, आणि अशी किंचाळली म्हणता! चिंऽऽऽ! गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शेजारची कमल भिंतीवरून डोकावली, "काकू, डुक्कर शिरलं का?" आणि देवरावभाऊ आपल्या जागेवर मान खाली घालून उभे. शांत. मग मान वर करून हसले.

"मस्त. काही आवाज नाई."

मी त्यांच्याकडे पाहत राहिली. जीप किंचाळतच होती. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू हळूहळू गेलं. ते पुढे आले, मडगार्डवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "आवाज येऊन राहिला का?"

मी मान हलवली.

"काढून दाखवा."

इतक्या वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं. मास्तर करायचे, मी पदर तोंडावर घेऊन हसायची. मी जीपमध्ये बसल्या बसल्या ओठ ताणून काढला तो आवाज. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. कानांनी नव्हे हो, डोळ्यांनी ऐकत होते.

"पट्टा," ते म्हणाले. पाना काढला, पट्टा आवळला. मी पुन्हा चालू केली. किंचाळणं गेलं होतं. पण आता ते मला विचारत होते, भुवया उंच करून, आणि मी हातानं सांगितलं, गेला.

चहा त्यांनी त्या दिवशी अर्धाच घेतला. कानातले बोळे काढून बशीजवळ ठेवले. "कानात कापूस असला तं लोक म्हनतात कापसानं ऐकू येत नसन," ते म्हणाले. "म्हून घालतो. दोन वर्षं झाली. डावा पूरा गेला. उजव्यात जरासाक हाय."

"कानाची मशीन नाही घेतली?"

"वंदीनं घेऊन देली नागपूरले. त्यात बॅटरीचं टक् अन् बाहेरच्या कावळ्याचं काव एका मापाचं येते. त्यात मी काय निवडू?" मग बोळे परत कानात घालता घालता म्हणाले, "कोनाले सांगू नका, वहिनी. आता सकाळीच तं मले कोनी बोलावते."

मी नाही सांगितलं. इथं माझी चूक आहे आणि ती लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. मला वाटलं, कोणाचं काय बिघडतं? लोक तोंडानं आवाज काढून दाखवतात, हे ओळखतात, चाललं तर चाललं. आणि खरं सांगायचं तर मला माझा रविवारही सोडायचा नव्हता.

पण लोक तोच आवाज काढून दाखवतात जो त्यांना नवा वाटतो. जुन्या आवाजाची त्यांना सवय होऊन जाते. हे मला तेव्हा कुठं कळत होतं.

मोहगावचा गजानन, आमच्या ओळखीचा, संत्री नागपूरच्या मंडीत न्यायला त्याच्याजवळ जुनी पिकअप होती. ती सकाळी टिकटिक करते म्हणून त्यानं चावी आणून दिली. देवरावभाऊ गेले. गजाननानं तोंडानं टिकटिक काढून दाखवली. भाऊंनी वरचं झाकण उघडून जिथं ढिलं होतं तिथं बसवून दिलं. टिकटिक गेली. चारच दिवसांनी संत्री भरून जाताना रस्त्यात इंजिन बसलं. कोणाला काही झालं नाही, माल दुसऱ्या गाडीत गेला. पण इंजिन गेलं ते गेलंच.

गजानन बगीच्याच्या कामानं माझ्याकडे आला तेव्हा मीच विचारलं. "गजू, टिकटिकच्या खाली अजून काही आवाज नव्हता का रे? खालून, जड?"

"होता ना काकू. ठक्... ठक्... असा, उखळात मुसळ पडल्यावानी. पन थो तं दोन महिन्यापासून होता. देवरावभाऊनं ऐकलाच असन. थे काही बोलले नाई म्हून मी म्हटलं, काही नसन."

"मग त्यांना बोलला का तू काही?"

"त्यायले काय बोलू? गाडीच म्हातारी. त्यायनं पाह्यली म्हून तं इतकी चालली!"

रविवारी देवरावभाऊ आले, बॉनेटवर हात ठेवला. मी चावी फिरवली नाही. खाली उतरली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि सावकाश, ओठ दिसतील असं, सगळं सांगितलं. ते ठक् पण काढून दाखवलं.

ते ओट्यावर बसले. "आतलं बेअरिंग गेलं होतं," म्हणाले. "पोरगंबी सांगू शकलं असतं."

मग विचारलं, "शिवी देली का त्यानं?"

"नाही. म्हणाला तुमच्यामुळेच इतकी चालली."

"शिवी द्याले पायजे होती त्यानं, वहिनी." त्यांनी एक बोळा काढला, मग दुसरा. "मी गेलो, उभा राह्यलो, मान हलवली. माह्या मान हलवण्यावर थो माल भरून निघाला."

"माझंही चुकलं, भाऊ," मी म्हटलं. पण ते खाली पाहत होते. त्यांना ते पोचलं नाही, आणि दुसऱ्यांदा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी ते सरळ मोहगावला गेले, सायकलनं. गजाननच मला नंतर सांगत होता. म्हणे आले, दोन्ही बोळे तळहातावर ठेवून त्याच्यापुढं धरले आणि म्हणाले, "गजू, मले ऐकू येत नाई. तुह्या गाडीचा आवाज मी ऐकलाच नोता." गजाननला वाटलं, मजाक करून राहिले. मग त्यांचा चेहरा पाहिला. तो आत जाऊन पाणी घेऊन येईपर्यंत हे निघून गेले होते.

मग दोन-तीन दिवस ते खिळ्यावरच्या राहिलेल्या चाव्या ज्याच्या त्याच्या घरी देत फिरले. प्रत्येक दारात तेच एक वाक्य. लोकांनी म्हटलं, अहो भाऊ, बसा, चहा तर घ्या. ते म्हणत, "गाडी उठवल्याशिवाय मी कवा घेतला का?"

वंदना त्यांना न्यायला आली. ज्या दिवशी जायचं, त्याच्या आदल्या दिवशी मी शेडवर गेली, त्यांच्यापुढं हातवारे करून सांगितलं, सकाळी जीपनं सोडू बसस्टँडवर. कमलचा नवरा चालवेल. इतक्या वर्षांत ते आमच्या जीपमध्ये कधी बसले नव्हते. ते 'हो' म्हणाले, आणि मला वाटतं, खूश झाले.

सकाळी मी अंधुकशा उजेडात उठली. डबा बांधला. जीपमध्ये बसली, वीस मोजले, चावी फिरवली.

टक्.

आणि चूप. पुन्हा फिरवली. टक्. कमलचा नवरा म्हणाला, "काकू, राहू द्या आता, बसचा टाइम झाला." मी डबा घेऊन पायीच निघाली. या वयात किती लवकर चालता येणार? पोचली तोवर नागपूरची बस भरली होती आणि तिचं इंजिन चालू होतं. देवरावभाऊ खिडकीपाशी, थंडीमुळे काच बंद. कान उघडे, कापूस नव्हता. वंदनानं दारातून उतरून डबा घेतला आणि परत आत गेली.

त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या मागं पाहिलं, जीप कुठं आहे म्हणून. मग काचेआडून हात वर केला आणि बोटांत चावी धरल्यासारखा फिरवला. भुवया उंच.

भरलेलं बसस्टँड होतं. चहाच्या ठेल्यावर माणसं, शाळेची पोरं, माझ्या ओळखीची चार घरं. मी खिडकीजवळ गेली, मान वर केली, आणि तोंड चांगलं उघडून मोठ्यानं म्हटलं, "टक्!"

पोरं हसली. देवरावभाऊ हसले नाहीत. त्यांनी एक बोट वर केलं. एकदाच?

मी मान हलवली. एकदाच.

बस हलली. त्यांनी घाईघाईनं एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताचा अंगठा घासून पुसल्यासारखं केलं, मग मूठ वळून पाना फिरवावा तशी उजवीकडे फिरवली. एकदा, दोनदा. समजलं का, असं मानेनं विचारलं. मी दोन्ही हात वर करून समजलं म्हटलं. बस वळली तेव्हाही त्यांची मूठ काचेमागे फिरतच होती.

घरी आली. गॅसवर गंज, म्हणजे पातेलं, ठेवून पाणी तापवलं. बॉनेट उघडलं, कधी उघडलं नव्हतं मी. वायरीच्या तोंडावर पांढरी बुरशी साचली होती, मिठासारखी. गरम पाणी टाकलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसलं. मास्तरांचा पाना घेऊन आवळलं, जितकं माझ्या हातानं आवळता आलं तितकं. मग आत बसून वीस मोजले.

पहिल्याच फिरवण्यात चालू झाली. मी खाली उतरली, तीन पावलं दूर, त्यांच्या जागेवर उभी राहिली, आणि दहा मिनिटं ऐकत राहिली. काही आवाज नव्हता. मग बंद केली आणि एक कप चहा टाकला.